पार्सल पोचलं, बाय

आचरा, ता. मालवण
जुलै अखेर

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझं गोळ्या-कॅप्सूलच्या बाटल्यांचं पार्सल पोचलं. कुरिअरवाल्याने तिठ्यावरूनच फोन केला, मग बाबा छत्री घेऊन गेले आणि खोका काखेत मारून आले. एवढे पैसे घातलेस त्याबद्दल रागावत नाही, आमच्यात तुझा जीव आहे म्हणूनच पाठवलंस. पण फोनवर मी नुसतं ‘बघते’ म्हणाले, त्याचं कारण नीट लिहायला हवं. फोनवर मी काही सांगायला लागले की तू ‘अगं आई, नॅचरल आहे ते’ म्हणतेस आणि पुढचं राहून जातं. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही.

दुपारी ओटीवर सगळ्या बाटल्या मांडल्या आणि चष्मा लावून मागची बाजू वाचून काढली. आरोग्य केंद्राच्या औषधांच्या खिडकीत नोकरी झाली माझी, बाटलीची पुढची बाजू बघायची सवयच नाही. पुढे पानं-फुलं असतात, मजकूर मागे असतो, आणि तोही मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.

आधी हळदीची बाटली घेऊ, कारण ती तू बाबांच्या गुडघ्यांसाठी मुद्दाम पाठवलीस. एका कॅप्सूलमध्ये 500 मिलिग्रॅम अर्क, त्यात 95 टक्के कर्क्युमिनॉइड (हळदीतले कर्क्युमिन गटाचे घटक), वर काळ्या मिरीतलं पायपरिन. आपल्या डब्यातल्या हळदीत कर्क्युमिन असतं शेकडा 3 च्या आसपास. म्हणजे एका कॅप्सूलएवढं मिळवायचं तर 15 ग्रॅम हळद लागेल, चहाच्या चमच्याने पाच चमचे. आणि तू वर चिठ्ठी चिकटवलीस, ‘सकाळ-संध्याकाळ एकेक’. दहा चमचे हळद मी एका दिवसात बाबांना खायला घातली असती, तर तूच मला डॉक्टरकडे नेलं असतंस.

बरं, कर्क्युमिन नुसतं घेतलं तर त्यातलं रक्तात फारच थोडं उतरतं. म्हणून तर त्यात मिरी घालतात. 1998 साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी दाखवलं की 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पायपरिन दिलं तर माणसाच्या रक्तात ते 20 पट उतरतं. जाहिरातीत हा आकडा ठळक छापलेला असतो. पायपरिन हे कसं साधतं, ते मात्र छापत नाहीत. बाहेरून आलेला पदार्थ मोडून निकालात काढायचं काम आतडं आणि यकृत करतं, त्या कामालाच ते खीळ घालतं. आणि ती खीळ हळदीपुरती राहत नाही. फिटवरच्या फेनिटॉइनसारखी गोळीही मग रक्तात ठरल्यापेक्षा जास्त साठते.

गुडघ्याच्या संधिवातात या कॅप्सूलनी दुखणं थोडं कमी होतं असं काही चाचण्यांत दिसलंय, ते मी नाकारत नाही. पण 2022 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हळदीच्या गोळ्यांमुळे यकृत बिघडलेल्या 10 रुग्णांचा अभ्यास छापला. त्यातल्या 7 जणांच्या रक्तात एकच विशिष्ट जनुकीय ठेवण सापडली. पुष्कळ लोक घेतात आणि त्यांना काही होत नाही. ज्याला व्हायचं त्याला आधी कळायची सोय नाही, एवढंच.

तू म्हणशील, हळद आपल्याकडे हजारो वर्षांची. अगदी खरं. 1995 मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं, तेव्हा आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने भांडून 1997 मध्ये ते रद्द करून घेतलं. त्या वेळी तिथे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, आपल्याच किनाऱ्यावरच्या माशेलचे. तेव्हा आरोग्य केंद्रात आम्ही सगळ्यांनी कौतुकाने ती बातमी वाचली होती. पण जुने ग्रंथ काढून सिद्ध केलं ते काय? जखमेवर हळद लावतात हे इथे घरोघरी ठाऊक आहे, हे. 95 टक्के अर्क मिरीच्या सत्त्वात घोळवून रोज गिळायचा, हे आजीच्या बटव्यात कुठेच नव्हतं. तो अलीकडच्या कारखान्याचा माल आहे, त्याला आजीचं प्रशस्तिपत्र कशाला जोडायचं?

आता तू म्हणशील की आई कारखान्यावरच घसरली, मग घरचं ते चांगलं. तर परसातल्या बिंबलाचं ऐक. खोडालाच घोस लागलेत यंदा, खाली सडा पडतो. बांगड्याच्या तिखल्यात आमसुलांऐवजी चार बिंबलं टाकते, तुला आवडतात ती. केरळात काही लोकांनी कोलेस्टेरॉल कमी व्हावं म्हणून याच फळाचा दाट रस काढून प्यायला सुरुवात केली. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. त्याचे स्फटिक मूत्रपिंडात जाऊन बसले आणि एकेकाचं मूत्रपिंड अचानक बंद पडलं. पाच रुग्णालयांतल्या अशा 10 रुग्णांची माहिती तिथल्या डॉक्टरांनी 2013 मध्ये छापली, त्यातल्या 7 जणांना डायलिसिसवर घ्यावं लागलं. यात ना कारखाना, ना भेसळ, ना रसायन. झाडावरून काढलेलं ताजं फळ. आमटीत चार पडतात ती जेवणात जिरतात, रसाला ओंजळभर लागतात आणि तो जातो रिकाम्या पोटी.

वाडीतले एक काका मोबाईलवर वाचून पिशवी घेऊन आले होते. त्यांना म्हटलं, आमटीला हवी तेवढी न्या, रसाला एकही देणार नाही. अजून बोलत नाहीत माझ्याशी. बोलतील.

कुंपणावरच्या गुळवेलीचंही तेच. कोरोनात सगळी वाडी काढे उकळत होती. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेणारे सहा रुग्ण काविळीसारख्या त्रासाने आलेले आढळले. शरीराने स्वतःच्याच यकृतावर उलटावं, तशा धर्तीची इजा. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल असं म्हणाले. असेलही. पण मग बाजारातल्या चूर्णात नेमकी कुठली वेल कुटली आहे, हे मला-तुला कोण सांगणार? तुझ्या थायरॉईडचं मूळही शरीराच्या उलटण्यातच आहे असं तुझ्या डॉक्टरांनी सांगितलंय, तेव्हा तू त्या वाटेला जाऊच नकोस.

आता बाबांचं. त्यांच्या ठोक्यांची अनियमितता आणि रक्त पातळ करायची गोळी तुला ठाऊक आहे. दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) तपासायला मालवणला जातो, तो 2 ते 3 च्या मध्ये ठेवायचा असतो. पार्सलातलं माशाचं तेल आणि हळदीचा अर्क दोन्हीचा कल रक्त पातळ ठेवण्याकडे. गोळीवर हे दोन्ही चढवले तर दाढी करताना कापलं तरी रक्त थांबायला वेळ लागेल, डोक्यात रक्तस्राव झाला तर बोलायलाच नको. शिवाय मोठ्या मात्रेत माशाचं तेल घेतलं तर ठोक्यांची ही अनियमितताच वाढते असं मोठ्या चाचण्यांत दिसलंय, आणि बाबांना नेमकं तेच दुखणं. म्हणून ती बाटली बंदच ठेवली. बाबांना मात्र गंमत वाटली. म्हणाले, ‘मासेमारी बंद असताना पोरीने पुण्यावरून मासे पाठवल्यान!’ 31 जुलैला बंदी उठेल, मग बांगडे-तारले येतीलच. हृदयासाठी आठवड्यातून दोनदा तेलकट मासा खायला डॉक्टरही सांगतात. तेलाच्या कॅप्सूलबद्दल 2018 मध्ये एका मोठ्या अमेरिकन चाचणीचा निकाल आला. 25,871 माणसं होती, निरोगी माणसांचे हृदयविकार त्यांनी लक्षणीय कमी झाले नाहीत. ड जीवनसत्त्वाचंही त्यात तेच निघालं.

सध्या सुक्या माशांवर चाललंय, तेही जपूनच, मिठामुळे बाबांचं प्रेशर वर जातं. आणि पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला उतू जातो, त्या सगळ्यात के जीवनसत्त्व. ते बाबांच्या गोळीच्या उलट काम करतं. तोडायचं काही नाही, रोज साधारण सारखंच वाढते. अष्टमीला शेवग्याच्या भाजीवर ताव मारायचा आणि पुढे दहा दिवस पालेभाजीला शिवायचं नाही, असं केलं की आयएनआर नाचतो.

राहिली तू. तुझा थायरॉईडचा रिपोर्ट पाठवलास, त्यात टीएसएच एकदम खाली आणि टी-फोर वर, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन गरजेपेक्षा जास्त, असं दिसतं. डॉक्टर थायरॉक्झिनच्या गोळीची मात्रा कमी करू म्हणाले ना? थांब जरा. केस गळतात म्हणून तू त्या बायोटिनच्या गोड गोळ्या खातेस, एकेकीत 10,000 मायक्रोग्रॅम. रोजची गरज 30-40 मायक्रोग्रॅमची. पुष्कळ लॅबमध्ये थायरॉईडच्या चाचणीची पद्धतच अशी आहे की रक्तात एवढं बायोटिन असलं की यंत्र फसतं आणि टीएसएच खोटंच कमी दाखवतं. हृदयविकाराचा झटका ओळखायच्या ट्रोपोनिन चाचणीतही असं होतं, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता. बायोटिन निदान दोन दिवस बंद कर, लॅबला तसं सांग आणि चाचणी पुन्हा कर. त्यावर डॉक्टर काय ते ठरवू देत. त्यांना बायोटिनचं सांगितलं होतंस का? नसणारच. ‘औषध काय घेता?’ म्हणून विचारलं की कुणीच या गोष्टी सांगत नाही, कारण आपल्या लेखी ते औषधच नसतं. खिडकीपलीकडून मी हे रोज बघितलंय.

अश्वगंधाही घेतेस असं तिच्या बाटलीवरच्या चिठ्ठीवरून कळलं, ‘मी घेते, मस्त झोप लागते’. झोपेला आणि ताणाला तिचा थोडा उपयोग होतो, हे खरं. पण ती थायरॉईडचे हार्मोन वाढवू शकते, आणि यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. डेन्मार्कने 2023 मध्ये तिच्यावर बंदी घातली. त्यांचं बरोबर की चूक हा वाद चालू आहे, पण थायरॉक्झिन घेणाऱ्या मुलीने डॉक्टरला न विचारता ती घ्यायची नाही, यात वाद नाही. आणि कॅल्शियमची गोळी थायरॉक्झिनपासून चार तास लांब ठेव. एकत्र घेतलीस तर थायरॉक्झिन अंगी लागत नाही. लोहाचंही तसंच, आणि लोह चहाबरोबर तर नकोच.

सगळंच टाकून दे असं माझं म्हणणं नाही. लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या मी गरोदर बायांना हाताने मोजून दिल्यात, 180 दिवस, आणि पांढऱ्याफटक बाया सावरलेल्या बघितल्यात. आपल्या खालच्या आळीतल्या माळकरी आजोबांना पायाला मुंग्या येत, चालताना तोल जाई. माळ घातल्यापासून मासे सुटले, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं, दोन्हींनी बी-12 घटतं. बी-12 तपासलं तर तळाला गेलेलं. इंजेक्शनं घेतली, आता गोळी चालू आहे, देवळाच्या पायऱ्या स्वतः चढतात. तू दिवसभर एसीत बसतेस, ड जीवनसत्त्व तुलाही कमी असेल, रक्त तपासून घे. पण ती 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक असते. रोज एक समजून घेणारे मी पाहिलेत. रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, गुंगी, मुतखडा, सगळं मागे लागतं. क जीवनसत्त्वासारखं ते लघवीतून सहज निघून जात नाही, चरबीत साठून राहतं.

विकत घ्यायचंच झालं तर एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ ही ओळ बघ. ती ओळ छापायची आणि पुढच्या बाजूला गुडघे दुखायचे थांबतील असं सुचवायचं, ही चलाखी ओळखता आली पाहिजे. भस्म आणि पारा घातलेल्या गोळ्या तर ऑनलाइन अजिबात मागवू नकोस. 2004 मध्ये बॉस्टनमध्ये दुकानांतून घेतलेली 70 आयुर्वेदिक औषधं तपासली, त्यातल्या 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. घ्यायचीच तर ओळखीच्या वैद्यांच्या हातून, आणि रक्त तपासत.

न फोडलेल्या बाटल्या परत जातात का बघ, खोका जपून ठेवलाय. एसटीच्या पार्सलने कुळथाचं पीठ, नाचणी आणि आगळाची बाटली पाठवतेय. नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, भाकरी जमत नसेल तर आंबील कर. आगळात मीठ असतं, सोलकढीत वर आणखी घालू नकोस.

आणि एक. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीला फिटची गोळी चालू आहे ना? हळद-मिरीची अशीच एखादी बाटली तिलाही दिली असशील तर आजच थांबव, आणि कधीपासून घेतेय ते तिच्या डॉक्टरांना कळवायला सांग. काय म्हणाले ते मला रात्री फोन करून सांग.

तुझी,
आई