पडदा ओढून घेतलात, त्याबद्दल

ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. "ड्युटीच आहे गुरुजी ती, त्यात लिहायचं काय?" असंही म्हणालात. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मीही ड्युटी केली आहे. तिच्यात काय येतं आणि काय येत नाही, एवढं मला कळतं. त्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या तुमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत तुम्ही जे केलंत ते कुठल्याही जीआरमध्ये बसत नाही.

ते सांगण्याआधी थोडी मनातली मळमळ काढतो. तुम्हाला ती तुकड्यातुकड्याने माहीत आहे, सलग कधी सांगितली नाही.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत मी अकरा दिवस ऑक्सिजनवर होतो. स्टेरॉइड दिली, जीव वाचला. त्याबद्दल कुणाला बोल लावायचा नाही. दीडेक वर्षाने डावा गुडघा धरायला लागला. गुडघा दुखतो म्हटल्यावर गुडघ्याचा फोटो काढला, गुडघ्यात दोन इंजेक्शनं दिली, गुडघ्याला पट्टा दिला. एकाने वजन कमी करा म्हणून सांगितलं. माझं वजन अठ्ठावन्न किलो. चौदा महिने हा खेळ चालला. शेवटी सातारला एका पोरसवदा डॉक्टरने मला आडवं निजवलं, पाय गुडघ्यात वाकवला आणि आतल्या बाजूला फिरवला. मी ओरडलो. "गुडघा नाही काका, खुबा गेलाय," तो म्हणाला. दीड मिनिटाचं काम. त्याआधीच्या चार जणांपैकी एकानेही माझा पाय हातात घेतला नव्हता, सगळ्यांनी फक्त फोटो उजेडाला धरून बघितला.

खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं, हे तेव्हा मला कळलं. स्टेरॉइडमुळे काही जणांच्या खुब्यातल्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, हाड आतल्या आत मरतं आणि एक दिवस गोळा खचतो. करोनातून उठलेल्यांमध्ये असं दिसतंय, हे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच लिहून ठेवलं होतं म्हणे. माझ्यापर्यंत ते यायला २०२४ उजाडलं.

खुबा बदलायचं ऑपरेशन या जानेवारीत पुण्याला झालं. उत्तम झालं, हेही लिहितो, नाहीतर माझ्या हातून अन्याय होईल. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून मी संडासापर्यंत गेलो आणि जांघेतली ती जुनी, हाड कुरतडणारी कळ नव्हतीच. पण घरी सोडताना मोठे डॉक्टर पाठीवर थाप मारून म्हणाले, "तीन महिन्यांत विसरून जाल ऑपरेशन झालं होतं ते." ताई, ते वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. मी शिक्षक माणूस, तारीख दिली की मी तारीख धरून बसतो.

तीन महिने झाले. खुर्चीतून उठलो की पहिली चार पावलं मांडीच्या पुढच्या बाजूला सुरी फिरवल्यासारखी जायची. डाव्या कुशीवर निजता येत नव्हतं. डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर लांब झालाय असं वाटायचं, आणि चालताना मी बदकासारखा झुलायचो. पुण्याला दाखवायला गेलो. जायला-यायला गाडीभाडं साडेपाच हजार, आत पाच मिनिटं. एक्स-रे उजेडाला धरला. (पुन्हा तेच!) "एकदम सुंदर बसलाय. तुम्ही फार विचार करता." बाहेर आल्यावर मुलगा गाडीत काही बोलला नाही, पण घरी पोचल्यावर सुनेला हळूच म्हणाला, "डॉक्टर म्हणाले ते मनाचंच आहे." भिंत पातळ आहे आमची.

मग सगळेच सांगायला लागले. अमक्याचे सासरे दोन महिन्यांत शेतात जायला लागले. तमक्याने मोबाइलवर चित्रफीत पाठवली, खुबा बदललेली बाई गरबा खेळतेय. रिकामपणी मीही वाचत बसायचो. जॉन चार्नली नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९६२ मध्ये खुब्याच्या या कृत्रिम सांध्याला नवी प्लास्टिकची वाटी दिली, तेव्हापासून तो टिकायला लागला. रोगी मेल्यावर तो सांधा परत काढून तपासायची परवानगीही हा गृहस्थ जिवंतपणीच मागून ठेवायचा. २००७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने या शस्त्रक्रियेला शतकातली शस्त्रक्रिया म्हटलं. म्हणजे शतकातली शस्त्रक्रिया माझ्यावर झाली होती, फोटो सुंदर होता, आणि तरी माझा पाय दुखत होता. दुखतंय म्हणायचीच लाज वाटायला लागली. कुणी विचारलं की मी म्हणायचो, "झकास."

आणि नखं.

नव्वद अंशाच्या पुढे वाकायचं नाही, असं घरी सोडताना सांगितलं होतं. सांधा निसटेल म्हणाले. ही बंदी कधी उठते, ते कुणी सांगितलंच नाही. मी पाचव्या महिन्यातही पाळत होतो. त्यामुळे डाव्या पायाला हात पोचायचा नाही. बायकोने एकदा प्रयत्न केला. तिचे डोळे अधू, माझी नखं शिंगासारखी. अंगठ्याला लागलं, रक्त आलं, ती रडायला लागली. त्यावर मीच ते बंद केलं. मुलाला सांगवेना, सुनेला तर नाहीच नाही. गावातल्या न्हाव्याला घरी बोलवावं तर चारचौघांत होईल. मग मी मोजे घालायला लागलो. माणदेशातला मे महिना, पत्र्याखालची खोली, आणि म्हातारा पायात काळे मोजे घालून बसलेला. विचारलं तर म्हणायचो, गार लागतं.

जूनच्या शेवटी तुमच्याकडे आलो ते केवळ पुण्याचा खर्च झेपेना म्हणून. सरकारी दवाखाना, केसपेपरलासुद्धा पैसे नाहीत. फुकटात काय मिळणार, असं मनात धरूनच आलो होतो. तेही कबूल करतो.

तुम्ही आधी फोटो मागितला नाहीत. "कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा," म्हणालात. रात्री निजल्यावर ठणकतं का, ताप येतो का, जखम कधी वाहिली का, हे विचारलंत, आणि रक्त तपासून आणायला लावलंत. ते नीट आल्यावरच कामाला हात घातलात. माझी काठी डाव्या हातात होती. दुखतंय त्या बाजूला काठी धरायची, असंच मला वाटायचं. आमच्या गावातला प्रत्येक लंगडा तशीच धरतो. तुम्ही काही न बोलता ती माझ्या उजव्या हातात दिलीत. दहा पावलं चाललो आणि झोका कमी झाला! पाच महिने, चार डॉक्टर, एक मोठं रुग्णालय, आणि काठी कुठल्या हातात धरायची हे सांगायला कुणाला वेळ झाला नव्हता.

"सांधा नवा बसवलाय गुरुजी, पण त्याला धरणारी माणसं, म्हणजे स्नायू, जुनीच आहेत. तुम्ही दोन वर्षं लंगडत काढलीत, तेवढ्यात ती झोपली. त्यांना उठवायचं आहे." मी विचारलं, किती दिवस? तुम्ही तारीख दिली नाहीत. वर्षभर धरा म्हणालात, आणि दहातल्या एखाद्याचं थोडंफार राहतंही. नातवाने मागाहून शोधून दिलं, २०१२ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा आहे: खुबा बदललेल्या शंभरातल्या सात ते तेवीस जणांना पुढे बरेच दिवस दुखतं. त्या रात्री मी शांत झोपलो. आकड्याने कुणाला झोप लागते का? मला लागली. म्हणजे मी एकटा नव्हतो, आणि खोटा नव्हतो.

पण पत्र त्यासाठी नाही. हे सगळं चांगल्या फिजिओला येत असणार.

दुसऱ्या खेपेला तुम्ही मोजे काढायला सांगितलेत. मी म्हटलं, राहू द्या, असंच बरं आहे. तुम्ही खाली बघितलंत. मोज्याला अंगठ्याशी भोक पडलेलं होतं आणि त्यातून ते दिसत होतं. बाहेर बाकड्यावर सहा-सात माणसं, दार सताड उघडं. तुम्ही उठलात आणि आधी पडदा ओढून घेतलात. मग प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी आणलंत, माझा पाय त्यात ठेवलात आणि माझ्या शाळेची चौकशी सुरू केलीत. किती पटसंख्या होती, कुठला विषय. नखं मऊ होईपर्यंत आपण अपूर्णांकांवर बोललो. मग मांडीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर माझा पाय घेतलात आणि एकेक नख कापलंत. मी भिंतीवरच्या क्षयरोगाच्या तक्त्याकडे बघत होतो. सगळा तक्ता पाठ झाला. मावशींना हाक मारली नाहीत, "अरेरे" म्हटलं नाहीत, घरी कुणी नाही का हे विचारलं नाहीत. कागदाची पुडी करून स्वतः टाकलीत, हात धुतलेत आणि म्हणालात, "चला गुरुजी, दांड्याला धरा."

माझ्या मुलीच्या वयाच्या बाईने माझ्या पायाला हात लावलेला मला सोसवत नव्हता. मी हात जोडायला गेलो तर तुम्ही म्हणालात, हात दांड्यावर.

ताई, आता एक सांगतो, जे बायकोलाही सांगितलेलं नाही. दर सोमवारी परिपाठाच्या वेळी मी पोरांची नखं तपासायचो. हात पुढे, बोटं पसरा. वाढलेली दिसली की पट्टी. एक पोरगा होता, आईबाप मेंढरं घेऊन बाहेर चरायला गेलेले, घरात एक आंधळी आजी. तो मुठी उघडायचाच नाही. मी त्याला मुठीवर पट्टी मारायचो, आणि त्याला हट्टी म्हणायचो. शाळेच्या कपाटात नेलकटर होतं. ते मी कधी काढलं नाही. तुम्ही अंगठ्याचं नख कापत होतात तेव्हा क्षयरोगाचा तक्ता मला नीट दिसेना, त्याचं कारण हे.

त्यानंतर मला माणसं वेगळी दिसायला लागली, की आधीपासून तशीच होती आणि माझंच लक्ष नव्हतं, कोण जाणे. तुमच्याकडे येताना एसटीत एक कंडक्टर भेटला. मी काठी सावरत सीटवर टेकेपर्यंत त्याने डबल बेल दिली नाही. मागून लोक ओरडत होते, तो शांतपणे तिकिटांचे पैसे मोजत राहिला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उपकाराचा मोठा आवाज करणारे मी पुष्कळ पाहिलेत, त्यांचे हारतुरेही मीच शाळेत केलेत. हे असे न बघता थांबणारे कधी कुणाच्या सत्कारात दिसले नाहीत.

तब्येतीचं म्हणाल तर हा अकरावा महिना. तुमच्या आरशासमोर कंबर सरळ ठेवून दांड्याला धरून खेकड्यासारखा आडवा चाललो, त्याचं फळ आहे. पाय लांब वाटायचा तो केव्हा सारखा झाला कळलंही नाही. चार पावलांची सुरी आता एका पावलावर आली आहे. थंडीत पहाटे मांडी आखडते, ती घटकाभराने सुटते. पंगतीला खुर्चीवर बसतो, मांडी घालत नाही, आणि गरबा तर मी आधीही खेळत नव्हतो. कुणी विचारलं तर "थोडं दुखतं अजून" असं सरळ सांगतो. झकास म्हणायचं सोडलं.

तुम्ही शिकवलंत तसं काल दुपारी करून बघितलं: पलंगाच्या कडेला बसून गुडघा बाहेर उघडायचा, आणि दोन्ही पायांच्या मधून हात खाली न्यायचा. बायको दारात उभी, मी पडलो तर धरायला. चार नखं मी स्वतः कापली. वीस मिनिटं लागली, घाम फुटला. करंगळी मात्र हाताला येत नाही.

मंगळवारी येतोय.

आपला,
एक निवृत्त शिक्षक