निधनवार्तेत तिची शेतीही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातलं निधनवार्तेचं सदर आमच्या भागात पहिल्या पानाच्या आधी वाचलं जातं. रक्षाविसर्जन कधी, कार्य कुठं, हे त्यातूनच कळतं. पुरुष गेला की त्याच्या नावाआधी काहीतरी असतं: प्रगतशील शेतकरी, आडतदार, निवृत्त मुख्याध्यापक, सोसायटीचे माजी चेअरमन. म्हातारी बाई गेली की मजकूर ठरलेला. धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या, त्यांच्या पश्चात मुलं, सुना, नातवंडं, पतवंडं असा परिवार आहे, प्रगतशील शेतकरी अमुक यांच्या त्या मातोश्री होत. गेलेल्या बाईने स्वतः जन्मभर काय केलं, याची एक ओळही नसते.

यंदा श्रावणात माझ्या चुलत सासूबाई वारल्या. आम्ही सुना त्यांना आत्या म्हणायचो. वय नव्वदीला टेकलेलं. नेमकं कुणालाच सांगता येणार नाही, कारण आधार कार्डावरचं वय अंदाजाने घातलेलं. त्यांची बातमी आपल्याकडे याच साच्यात छापून आली. धार्मिक त्या होत्या, आषाढीला पंढरपूर चुकवलं नाही. मनमिळाऊ म्हणाल तर तेवढ्या नव्हत्या. दुसऱ्याच्या रानातल्या खुरपणीलाही नावं ठेवायच्या, आणि बहुतेक वेळा ती बरोबर असायची.

तेरा-चौदा वर्षांच्या असताना त्या लग्न होऊन मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आल्या. विहीर नाही, पाट नाही. भाद्रपद-आश्विनातला पाऊस जमिनीने धरून ठेवायचा आणि त्या ओलीवर मालदांडी ज्वारी माघापर्यंत यायची. या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सत्कार झाले, फोटो निघाले. फोटोत फेटेच फेटे. ज्वारीच्या हंगामात बाईच्या वाट्याला काय येतं, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते.

पेरणीआधी बी काढायचं. ते आधीच्या सुगीतच वेगळं ठेवलेलं असायचं. भरदार, घट्ट कणसं आत्या स्वतः निवडायच्या, बडवून घ्यायच्या, राख चोळून गाडग्यात भरून तोंड शेणामातीने लिंपायच्या. त्या गाडग्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पेरणीत दादा, म्हणजे आमचे चुलत सासरे, पाभर, म्हणजे पेरणीचं औजार, हाकायचे आणि त्याच्या चाड्यात मुठीने बी सोडायच्या आत्या. बी सारखं पडलं की नाही, ते उगवल्यावर आठ दिवसांत सगळ्या गावाला दिसतं, त्यामुळे तिथं चुकून चालत नाही. मग खुरपणी. मग पाखरं राखणं. काढणीला ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. काळी जमीन तोवर भेगाळून दगडासारखी झालेली असते, तळहाताला फोड येतात, फुटतात, पुन्हा येतात. पेंढ्या पहाटेच्या गारव्यात बांधायच्या. ऊन चढलं की पाला चुरून पडतो आणि नुसती ताटं हातात राहतात. कडब्याला भाव पाल्याचा, हे आत्यांनी मला सांगितलं, मी शिक्षिका म्हणून मोठ्या डौलाने गावात आले होते तेव्हा. पुढं कणसं मोडणं, खळं सारवणं, मळणीत बैलांमागे फिरणं, वारं सुटेल तेव्हा उफणणी, मग ते वारं रात्री दोनला सुटो. शेवटी धान्य पेवात नाहीतर कणगीत जायचं आणि वर्षभर त्याला कीड लागू न देणं हे पुन्हा बाईकडेच.

हे सगळं दिवसाचं काम. त्याआधी पहाटे जात्यावर दळण, गोठ्यातलं शेण, आडाचं पाणी, धार, भाकरी, आणि डोक्यावर पाटी घेऊन रानात. दुसऱ्याच्या रानात वारंगुळ्याने जायचं ते वेगळं, कारण तिथं बाया न गेल्या तर आपल्या सुगीला कुणी येत नाही. त्या देण्याघेण्याचा हिशेब आत्यांच्या डोक्यात असायचा. दूध डेअरीला जायचं, कार्ड दादांच्या नावावर.

आमच्याकडे दामाजीपंतांची गोष्ट पोराटोरांना पाठ असते. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारं लोकांना लुटू दिली. थोर माणूस, वादच नाही. ती कोठारं भरायला उन्हातान्हात राबलेल्या बाया मात्र गोष्टीत कुठंच येत नाहीत.

१९७२ च्या दुष्काळात आत्या सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला होत्या. तान्हं पोर झाडाला बांधलेल्या झोळीत, हातात हातोडी, जेवायला सुकडी आणि घरी परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. त्या भाकरीला त्या शेवटपर्यंत शिव्या घालायच्या. पण हजेरीपटाविषयी वेगळंच बोलायच्या. “माझं नाव घेऊन पुकारायचे तिथं. अमक्याची बायको म्हणून नाही.” स्वतःच्या रानात जन्म गेला आणि कामकरी म्हणून नाव लागलं ते दुष्काळी कामावर, ही गोष्ट मला आजही पचत नाही.

कारण कागद. शेतकरी कोण, हे आपल्याकडे सातबारा ठरवतो. ज्याचं नाव सातबाऱ्यावर त्याला पीककर्ज, त्याला पंचनाम्याची भरपाई, २०१९ पासून केंद्राच्या पीएम-किसान योजनेचे वर्षाचे सहा हजार त्याच्या खात्यावर. लेकीसाठी कायदा बदलला: महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. तो खरोखर किती लेकी मागतात ते सोडा. सुनेचं मात्र काय? नवरा जिवंत असेपर्यंत सासरच्या जमिनीत तिचं नाव लागत नाही. तो गेल्यावर त्याच्या हिश्श्यात मुलांच्या बरोबरीने ती वारस. दादा गेल्यावर वारसनोंदीत आत्यांचं नाव सातबाऱ्यावर चढलं. पन्नासहून अधिक वर्षं कसलेल्या रानावर पहिल्यांदा. ते फार दिवस टिकलं नाही. वाटणीत भानगड नको म्हणून त्यांना तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला. घरी येऊन त्यांनी थोरल्याला एवढंच विचारलं, “आता उद्या खुरपायला जायचं का नाही?” दुसऱ्या दिवशी गेल्या.

यावर काही उपाय कधी सुचलेच नाहीत असं नाही. शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन घेतलं, तिथं लाखावर बाया जमल्या. त्यातून पुढं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. संघटनेचे नेते शरद जोशी यांनी शेतकऱ्यांना सांगितलं की जमिनीचा काही तुकडा बायकोच्या नावावर करा, आणि बऱ्याच गावांतल्या पुरुषांनी तो केला. ज्या गावात शंभर जणांनी केला ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. पुढं १९९२ मध्ये शासनानेही नवऱ्याने अर्ज केल्यास सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. अर्ज नवऱ्याने स्वतःहून करायचा, हयातीत करायचा. आजही तो तलाठ्याकडे करता येतो. आमच्या गावात मी विचारून पाहिलं, तर अशी योजना आहे हे बहुतेकांना माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना घाई नव्हती.

आकडे पाहिले तरी तेच चित्र दिसतं. २०११ च्या जनगणनेत काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ६५ टक्के शेतीत होत्या, कुणी स्वतःच्या रानात, कुणी मजुरीवर. २०१५-१६ च्या कृषिगणनेत मात्र वहिवाटदार, म्हणजे शेतीचा कारभार ज्यांच्याकडे आहे अशा, म्हणून नोंदलेल्या स्त्रिया देशभरात जेमतेम १४ टक्के. आणि त्या ६५ टक्क्यांच्या बाहेरही कितीतरी राहिल्या असणार. मी शिक्षिका असताना गणनेचं काम केलं आहे. दारात पुरुष उभा राहतो. बायको काय करते विचारलं की म्हणतो, “काही नाही, घरीच असते.” त्याच वेळी ती मागच्या दाराने वैरणीचा भारा घेऊन येत असते. भारा समोर दिसल्यावर मी पुन्हा विचारायची. प्रत्येक गणक पुन्हा विचारतोच असं नाही, त्याचीही घाई असते. आता जनगणना पुन्हा होऊ घातली आहे. प्रगणक दारात आला की बाईने स्वतः पुढं येऊन “मी शेती करते” असं सांगावं, हे आपल्या दैनिकाने त्या वेळी ठळक छापलं तर बरं होईल.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष जाहीर केलं आहे. त्यानिमित्त पुरवण्या निघतील, ड्रोन उडवणाऱ्या ताईंचे फोटो येतील, यावेत. पण ज्यांनी कधी ड्रोन पाहिला नाही, त्या बाया रोज एकेक करून जात आहेत, आणि त्यांची शेवटची नोंद आपल्याच पानावर होते.

म्हणून एक विनंती आहे. निधनवार्ता बहुतेक घरचेच लिहून देतात, साचा बघून. तालुक्याच्या वार्ताहराने ती घेताना एक प्रश्न विचारावा: त्या काय काम करायच्या? “घरीच असायच्या” असं उत्तर आलं, तर रान किती आणि त्यात कोण राबायचं, हेही विचारावं. मग एक ओळ घालावी. “त्यांनी साठहून अधिक वर्षे मौजे अमुक येथे जिरायत ज्वारीची शेती केली.” ओळीमागे पैसे वाढत असतील तर घरचे देतील, न दिल्यास सुना वर्गणी काढतील. जागेची अडचण असेल तर पतवंडांचा उल्लेख गाळला तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. मंगळवेढा, जि. सोलापूर