किल्ला घरचा, मग मावळे विकतचे का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या किल्ले स्पर्धांची पत्रकं आमच्या परळ-लालबागच्या नाक्यांवर लागायला सुरुवात झाली आहे. गुण कशाकशाला, तेही त्यात छापलंय. किल्ल्याची रचना, माती-दगडाचा वापर, मुलांनी सांगितलेली माहिती, पर्यावरणपूरक साहित्य. किल्ल्यावर उभ्या राहणाऱ्या मावळ्यांना मात्र एक गुणही नाही. ते बाजारातून आणायचे, हे सगळे धरूनच चाललेत. म्हणून ही विनंती करते आहे. मंडळांनी आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी घेतलेल्या स्पर्धांमध्ये मुलांनी स्वतः घडवलेल्या किंवा जुन्या खेळण्यातून बदलून केलेल्या मावळ्यांना वेगळे गुण असावेत. जमलं तर वेगळं बक्षीसही असावं.

मी दातांच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. मेणात दात कोरणं, कवळ्या घासून पॉलिश करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. संध्याकाळी घरी तीच हत्यारं घेऊन मी ॲक्शन फिगर कस्टम करते. हलत्या सांध्यांची तयार फिगर घ्यायची, तिचं डोकं किंवा हात बदलायचे, पुट्टीने नवे कपडे चढवायचे, जुना रंग घासून नवा द्यायचा. आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी मोठ्या माणसांच्या खेळण्यांबद्दल वाचलं. त्यात हा छंद म्हणजे काचेचं कपाट, परदेशी खोकी आणि डोळे फिरवणाऱ्या किमती, एवढाच दिसला. किमतींचं खरं आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ साली ७० टक्के. पण बंद खोकं जपून ठेवणं हा या छंदाचा एक कोपरा झाला. आमच्यासारख्यांना फिगर हवी असते ती उघडण्यासाठी, आणि त्यासाठी मोडकी फिगरही चालते, उलट तीच बरी.

शुक्रवारी सकाळी लवकर चोर बाजारात गेलं की पथाऱ्यांवर मोडक्या खेळण्यांचे ढीग असतात. त्यात नव्वदच्या दशकात फनस्कूल या खेळण्यांच्या कंपनीने इथे भारतात बनवलेले जी. आय. जो, म्हणजे अमेरिकी सैनिकाच्या फिगर, अजून सापडतात. अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली आणलेला मूळ जो बारा इंची होता, त्याचे एकवीस भाग हलायचे. १९८२ पासून तो पावणेचार इंचांचा झाला आणि आपल्याकडच्या मुलांच्या खिशात आला तो हाच. याच्या पाठीत एक स्क्रू असतो. तो काढला की छाती दोन भागांत उघडते आणि आत काळं रबराचं बारीक कडं दिसतं, त्याला ओ-रिंग म्हणतात. कंबर आणि पाय धडाला धरून ठेवण्याचं सगळं काम हे एक कडं करतं. तीस वर्षांत रबर सुकतं, तुटतं, पाय गळून पडतात आणि घरातले म्हणतात, मोडलं, टाकून द्या. तसलं कडं नागदेवी स्ट्रीटला रबराच्या सामानाच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतं. मुलांना मी पहिला धडा हाच देते. एकदा आपल्या हाताने कडं बदलून पाय परत बसवले की ते मूल खेळण्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतं. आत काय आहे ते त्याला कळलेलं असतं.

आता पट्टा फिरवणाऱ्या मावळ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नवशिक्याला मी तोच करायला सांगते. जी. आय. जोसारख्या परदेशी सैनिकाच्या हाताची बोटं बंदूक धरायला वळवलेली असतात, त्यात तलवारीची मूठ नीट बसत नाही आणि एवढी बारीक बोटं नव्याने कोरणं मुलांच्या आवाक्यातलं नाही. दांडपट्ट्याला मात्र कोपराखालपर्यंत येणारा लोखंडी खोबळा, म्हणजे हाताचं कवच, असतो, पट्टेकऱ्याची मूठ त्याच्या आत झाकलेली असते. त्यामुळे अवघड पंजा आपोआप लपतो. एम-सील या पुट्टीच्या दोन कांड्या सारख्या प्रमाणात घेऊन एकच रंग येईस्तोवर मळायच्या आणि मुठीवरून कोपराच्या दिशेने तो लेप चढवत न्यायचा. बोट पाण्यात बुडवत राहिलं की पुट्टी चिकटत नाही. कोपराच्या सांध्याला आधी व्हॅसलीनचं बोट लावून ठेवायचं आणि लेप दोन मिलिमीटर अलीकडेच थांबवायचा. पुट्टी घट्ट होत असताना दर थोड्या वेळाने हात वाकवून बघायचा, नाहीतर सांधा कायमचा धरतो. पुट्टी ओली असतानाच पात्यासाठी टोकाला खाच पाडायची. पातं म्हणून मी केबल टाय वापरते. डोकं कापून, दाते वॉटर पेपरवर घासून घेतले की खऱ्या पट्ट्यासारखं लवचीक, सरळ पातं तयार.

पागोटं याहून सोपं. पुट्टीच्या शेवया वळून डोक्यावर तिरप्या गुंडाळायच्या. घोळदार अंगरख्यासाठी पुट्टी टाल्कम पावडर लावून दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये लाटायची आणि कमरेभोवती चुण्या घालत बसवायची. चुण्या मी लेक्रॉन कार्व्हरने, म्हणजे लॅबमधल्या मेण कोरायच्या हत्याराने पाडते. घरी मुलांना टूथपिक आणि झिजलेलं बॉलपेन पुरतं.

रंगाच्या बाबतीत एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. फिगरच्या मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकवर स्प्रेचा डबा मारला तर कित्येकदा रंग महिनोन् महिने चिकट राहतो. शाळेच्या दप्तरातलेच ॲक्रिलिक रंग पाण्याने पातळ करून तीन-चार हात द्यावेत. त्याआधी फिगर साबणाच्या पाण्याने धुऊन घ्यावी, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेलकट द्रव्य तिच्यावर उरलेलं असतं. जिथे दोन भाग एकमेकांवर घासतात तिथे रंगाआधी वॉटर पेपर मारून किंचित जागा करावी. डोळे सर्वांत शेवटी. इतक्या लहान चेहऱ्यावर बुबुळ म्हणजे ठिपकाच, पण तो केसभर सरकला तरी मावळा तिरळा दिसतो. आमच्या परिसरातल्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी करणारे कारागीर ब्रशच्या आधी श्वास कसा स्थिर करतात, हे मुलांना नेऊन दाखवावं. हे शिक्षण पैसे देऊन क्लासला मिळणार नाही.

हे खूळ परदेशी आहे, आपल्या किल्ल्यावर कशाला, असं चाळीतले काही ज्येष्ठ मला म्हणाले. त्यांचा मान ठेवून सांगते, सांधे हलणारी बाहुली आपल्याला नवी नाही. माझं माहेर कुडाळजवळचं. तिथल्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची परंपरा पिढ्यान् पिढ्या सांभाळली आहे आणि त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. खांद्यात आणि कोपरात मोडणारे त्या बाहुल्यांचे हात बघतच मी वाढले. एक पथ्य मात्र मी पाळते आणि सर्वांनी पाळावं असं मला मनापासून वाटतं. महाराजांची मूर्ती शाडूचीच, सिंहासनावर बसलेली. ती या बदलाबदलीत घ्यायची नाही.

दुसरा आक्षेप इतिहासाचा येतो आणि तो मला पटतो. सिनेमात दिसलं म्हणून कुठलंही चिलखत मावळ्याच्या अंगावर चढवू नये. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रास्त्रांचं दालन आहे. वही-पेन्सिल घेऊन तिथे मुलांना एक दुपार बसू द्यावं. ढालीवरची फुलं, कट्यारीची मूठ, पात्याची लांबी हे चित्र काढल्याशिवाय डोळ्यांत भरत नाही. माझ्या भाच्याने तिथे काढलेल्या एका ढालीच्या चित्रावरून शर्टाच्या बटणाची ढाल केली. बटणाची चार भोकं बुजवून तिथेच त्याने चार फुलं उठवली. असली युक्ती विकतच्या मावळ्याने कधी सुचवली नसती.

बाजारात किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं, म्हणजे छोट्या मूर्ती, विकणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल, ही काळजीही कोणी बोलून दाखवली. तसं होऊ नये. गवळण, वासुदेव, वाघ, तोफा त्यांच्याकडूनच घ्याव्यात आणि साध्या मातीच्या असतील तर आवर्जून घ्याव्यात. माझं म्हणणं प्लॅस्टिकच्या छापील मावळ्यांबद्दल आहे. एकाच साच्यातले शंभर मावळे, सगळ्यांचा उजवा हात वर आणि सगळ्यांचे चेहरे एकसारखे रंगवलेले. आपल्या हाताने दगड रचून बुरूज उभारणाऱ्या मुलाने त्यावर असला पहारा बसवावा, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

स्पर्धेच्या नियमात एवढंच घालावं. निदान तीन मावळे मुलांनी स्वतः केलेले असावेत, मग ते शाडूचे असोत की जुनी फिगर बदलून केलेले. मूळ खेळणं कसं होतं त्याचा फोटो शेजारी लावावा. परीक्षकांनी मावळा हातात घ्यावा, सांधे हलवून पाहावेत आणि मुलाला विचारावं, हे कसं केलंस? ब्लेडने कापायचं काम मोठ्यांनी करावं, पुट्टी मळताना हातमोजे असावेत आणि घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर सुटे भाग डब्यात बंद राहावेत.

यंदा वसुबारसेच्या आधीच्या दोन रविवारी आमच्या चाळीच्या गच्चीवर मी हत्यारं, पुट्टी आणि ओ-रिंगा घेऊन बसणार आहे. आसपासच्या मंडळांनी आपल्या मुलांना घरातली मोडकी खेळणी घेऊन पाठवावं. शुल्क काही नाही. आपण या मजकुराला जागा दिलीत, तर पत्रकं पुन्हा छापायच्या आत मंडळांच्या नजरेस पडेल.

आपली,
एक वाचक, परळ, मुंबई