आई जे बघायला आली होती तेच राहिलं: यलोस्टोन टूरबद्दल तक्रार

नमस्कार,

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि आई तुमच्या अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कच्या एक दिवसाच्या बस टूरला आलो होतो. परत आल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहितेच.

गर्दी होती ही माझी तक्रार नाहीये. वर्षाला ४० लाखांच्या वर लोक जातात तिथे आणि त्यातले निम्म्याहून जास्त जून ते ऑगस्टमध्येच, हे माहीत असूनच बुकिंग केलं होतं. पण हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असताना बस सकाळी साडेनऊला का सोडता? पश्चिमेच्या गेटवर गाड्यांची रांग, मग मिडवे गीझर बेसिनला पोचेपर्यंत साडेअकरा वाजले, पार्किंग फुल, गाड्या पार रस्त्यापर्यंत आलेल्या, आणि तुमच्या गाईडने माइकवर सांगितलं की ग्रँड प्रिझमॅटिक हा गरम पाण्याचा झरा उजवीकडे आहे, खिडकीतून बघून घ्या. खिडकीतून काय दिसणार? गाड्यांची टपं आणि त्यांच्या मागे थोडी वाफ. शंभर मीटरहून रुंद झरा आहे तो, मधे निळा आणि कडेने केशरी, आई या एका गोष्टीसाठी एवढ्या लांब आली होती. ती काचेवर हात टेकवून बघत राहिली आणि बस पुढे गेली. तुमच्या माहितीपत्रकात तिथे लाकडी पुलावरून चालणं "समाविष्ट" लिहिलंय.

सकाळच्या गारव्यात वाफेने रंग दिसत नाहीत म्हणून उशिरा निघतो असं गाईड म्हणाले. ते बरोबरच आहे, मग आधी ओल्ड फेथफुल (ते उकळत्या पाण्याचं उंच उडणारं कारंजं) करा आणि मिडवे परतताना घ्या ना! आपण संध्याकाळी सहाला त्याच रस्त्याने परत आलो, तोवर गर्दी बरीच ओसरली होती, उजेड तर तिकडे जुलैत साडेआठपर्यंत असतो, तरी बस थांबवली नाही.

ओल्ड फेथफुलचंही तेच. आम्ही पोचलो तेव्हा नुकतंच उडून गेलं होतं. पुढची वेळ बोर्डावर लिहिलेली होती, १:५०, दहा मिनिटं इकडे तिकडे. तुम्ही १:२५ ला सगळ्यांना बसमध्ये बसवलं. दीडेक तासाने एकदा उडणारी गोष्ट दाखवायची आणि तिथे थांबायचं पाऊण तास, हे गणित कोणी केलं?

आणि एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. परतताना मॅडिसन नदीजवळ बायसन (गव्यासारखे मोठे जंगली प्राणी) रस्त्याच्या कडेला आले, गाईडने दार उघडून फोटोसाठी लोकांना खाली उतरू दिलं आणि एक गृहस्थ पार दहा-बारा फुटांवर जाऊन उभे राहिले. नियम किमान २५ यार्डांचा आहे. यलोस्टोनमध्ये प्राण्यांपैकी सगळ्यात जास्त माणसं बायसनमुळेच जखमी होतात आणि जुलै-ऑगस्ट म्हणजे त्यांचा माजाचा काळ. मी दोनदा सांगितलं, गाईड म्हणाले काही होत नाही. काही झालं असतं तर? त्या माणसाची लहान मुलगी त्याच्या मागेच उभी होती हो.

मला दोघींच्या तिकिटांचे निम्मे पैसे परत हवेत, कारण ठरलेल्या दोन मुख्य गोष्टी दाखवल्याच नाहीत. आणि बायसनबद्दल त्या गाईडशी तुम्ही काय बोललात ते मला लेखी कळवा. बुकिंगची पावती आणि बोर्डाचा फोटो सोबत जोडलाय.

उत्तराची वाट बघतेय.