सोनूस पत्र: सॉल लाइटरविषयी

प्रिय सोनू,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, की पोर्टफोलिओत आता फोटोच ठेवायचे आणि चित्रं बंद करायची, कारण जो तो सांगतो, एकच काहीतरी धर. फोनवर मला नीट बोलता येईना, म्हणून लिहायला बसलो. तुला सॉल लाइटर या छायाचित्रकाराबद्दल सांगायचं आहे.

1923 साली अमेरिकेत पिट्सबर्गला त्याचा जन्म. वडील ज्यू धर्मशास्त्राचे मोठे पंडित. मुलानंही रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू व्हावं, ही त्यांची इच्छा. पहिला कॅमेरा आईनं दिला, तो बारा वर्षांचा असताना. पुढे क्लीव्हलंडला धर्मशिक्षण सुरू झालं आणि 1946 मध्ये ते अर्धवट टाकून पोरगा चित्रकार व्हायला न्यूयॉर्कला निघून गेला. वडिलांना ते कधी रुचलं नाही. फोटो काढणं त्यांच्या लेखी हलकं काम. हे वाचताना, बाप म्हणून, मला फार वाईट वाटलं गं.

न्यूयॉर्कला रिचर्ड पूसेट-डार्ट या चित्रकारामुळे तो फोटोंकडे ओढला गेला. युजीन स्मिथ या छायाचित्रकाराच्या काही प्रिंट्स देऊन त्या बदल्यात त्यानं लायका कॅमेरा मिळवला आणि 1948 पासून रंगीत फिल्म वापरायला लागला. रंगीत फोटो म्हणजे जाहिरातीपुरता, कलादालनात मान काळ्या-पांढऱ्याला, असा तो काळ. हा मुदत उलटून गेलेली स्वस्त फिल्म घ्यायचा. रंग थोडे फिरून यायचे, तेच त्याला आवडायचं.

त्याचा 1957 चा ‘थ्रू बोर्ड्‌स’ हा फोटो शोधून बघ. जवळजवळ सगळी चौकट काळोख्या फळ्यांनी झाकलेली आहे आणि मधल्या आडव्या फटीतून रस्ता दिसतो, तेवढाच. इतका काळा भाग ठेवण्याची छाती चित्रकाराचीच. वर्गात मुलं कागदाचा कोपरा न् कोपरा भरतात आणि मी ओरडत असतो, मोकळी जागा सोडा रे! ती जागा चित्रात काय काम करते, ते या एका फोटोत कळतं. ‘फुटप्रिंट्स’मध्येही तेच. वरून टिपलेला बर्फाळ फुटपाथ, पावलांचे ठसे, आणि एक लाल छत्री. सगळ्या थंड रंगांत उष्ण रंग एवढाच, पण नजर तिथून हलत नाही. ही रंगसंगती कॅमेऱ्यानं शिकवलेली नाही. बोनार या फ्रेंच चित्रकाराची चित्रं आणि जपानी लाकडी ठशांची चित्रं मनापासून बघणाऱ्याचा तो हात आहे.

पोटासाठी त्यानं फॅशनची कामं केली. ‘हार्पर्स बझार’मध्ये त्याचे फोटो छापून यायचे. पुढे कामं आटली आणि 1981 मध्ये स्टुडिओ बंद झाला. नंतरची कितीतरी वर्षं ओढाताणीची गेली. रंगीत प्रिंट काढणं महाग, म्हणून पारदर्शक फिल्मच्या स्लाइड्‌स खोक्यांतच पडून राहिल्या. कधी तो मित्रमंडळींना भिंतीवर त्या दाखवायचा. राहणं ईस्ट टेन्थ स्ट्रीटवरच, साठ वर्षं, आणि बहुतेक फोटो घराच्या आसपासचे. ‘अर्ली कलर’ हे पुस्तक 2006 मध्ये आलं तेव्हा तो 82 वर्षांचा होता. त्याची सोबतीण सोम्स बँट्री, तीही चित्रं काढणारी, तोवर गेलेली होती. तिला ते पुस्तक बघता आलं नाही, याची मला राहून राहून हळहळ वाटते.

आणि या सगळ्या काळात तो चित्रं काढत होता. जलरंगातली, गुआश म्हणजे अपारदर्शक जलरंगातली, छोटी छोटी. स्वतःच्या काळ्या-पांढऱ्या प्रिंट्सवरही तो रंग लावायचा. अशा कागदावर फोटो कुठे संपला आणि चित्र कुठे सुरू झालं, ते सांगता येत नाही. 2013 च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला. मागे न पाहिलेल्या स्लाइड्‌सचे ढीग राहिले.

पोर्टफोलिओत काय ठेवायचं ते तू ठरव, त्यात मी पडत नाही. चित्रं मात्र बंद करू नकोस. तुझ्या फोटोंत मला जे आवडतं, ते त्या चित्रांतूनच आलंय. फीची काळजी करू नकोस, ते मी बघतो.

शनिवारी पार्सल टाकतोय. आईचे लाडू आहेत आणि जाड कागदाचे दोन पॅड. गुआशमधला पांढरा सगळ्यात आधी संपतो. संपत आला असेल तर शुक्रवारपर्यंत कळव, जास्तीच्या ट्यूब टाकतो.

तुझा,
बाबा