पाककृतीत तेल ‘गरजेनुसार’ नको, ग्रॅममध्ये छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतील पाककृतींत रवा, पोहे, डाळ यांची मापे नीट दिलेली असतात. तेलापुढे मात्र ‘गरजेनुसार’ आणि दाण्याच्या कुटापुढे ‘आवडीप्रमाणे’ असे छापून येते. खाल्लेले लिहून ठेवून वजन उतरवू पाहणाऱ्यांची गाडी नेमकी इथेच अडते. तेल, तूप, कूट, खोबरे आणि साखर ग्रॅममध्ये द्यावी आणि तयार पदार्थाचे एकूण वजनही खाली छापावे, ही कळकळीची विनंती.

पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅममधून साधारण ४ कॅलरी मिळतात, स्निग्ध पदार्थांतून ९. पोह्याचा मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर तेल, सुमारे १२० कॅलरींचे. ३५ ग्रॅम कणकेच्या कोरड्या फुलक्यातही जवळपास तेवढ्याच असतात, पण फुलका मोजला जातो आणि तेल नाही. भाजीवर सढळ हाताने पेरलेले २० ग्रॅम कूट आणखी ११० कॅलरी घालते. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये ‘भाजी, एक वाटी’ निवडली की ही दोन्ही नोंदीतून निसटतात. कुणाची वाटी १०० मिलिलिटरची, कुणाची २०० ची. दिवसाला ५०० कॅलरी कमी खाण्याचे ठरवलेल्या माणसाची त्यातली तीनशेची बचत अशी न कळत संपते आणि ‘मी काही खातच नाही, तरी वजन हलत नाही’ ही तक्रार सुरू होते. ती खोटेपणाने केलेली नसते. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशीच तक्रार असणाऱ्यांनी आपले खाणे सरासरी ४७ टक्के कमी आणि हालचाल ५१ टक्के जास्त सांगितली होती; त्यांच्या शरीराचा ऊर्जाखर्च मात्र नेहमीसारखाच होता.

उपाय साधा आहे. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्यावा. तेलाची बरणी त्यावर ठेवून काटा शून्य करावा, फोडणीपुरते तेल ओतून बरणी परत ठेवावी. उणे ४० दिसले तर ४० ग्रॅम तेल कढईत गेले. बरेच काटे थोड्या वेळाने आपोआप बंद होतात आणि शून्य विसरतात, म्हणून आकडा लगेच लिहावा.

घरच्या कढईतल्या पदार्थाचे गणित एकदाच करावे लागते. रिकाम्या कढईचे वजन लिहून ठेवावे. समजा पोहे करायचे आहेत: कोरडे पोहे २०० ग्रॅम (७०० कॅलरी), तेल ४० ग्रॅम (३६०), शेंगदाणे ४० ग्रॅम (२३०), बटाटा १०० ग्रॅम (७५), कांदा १०० ग्रॅम (४५), ओले खोबरे २० ग्रॅम (७०). बेरीज १,४८०. झाल्यावर कढईसकट वजन करून कढईचे वजा करावे. गरम कढई थेट काट्यावर न ठेवता खाली लाकडी पाट घेऊन आधी शून्य करावे. पोहे ७४० ग्रॅम भरले तर ग्रॅमला दोन कॅलरी. आपल्या बशीत २०० ग्रॅम वाढले की ४००. सगळ्यांसाठी एकच कढई, तरी प्रत्येकाची नोंद बिनचूक.

सर्वाधिक घोळ कच्च्या आणि शिजलेल्या वजनात होतो. १०० ग्रॅम तांदूळ म्हणजे सुमारे ३५० कॅलरी. शिजून तेच अडीचपट-तिप्पट होतात, त्यामुळे १०० ग्रॅम भातात १२५ च्या आसपास. अ‍ॅपमध्ये भाताऐवजी तांदूळ निवडला तर नोंद जवळजवळ तिप्पट होते. आकडे पडताळण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते आहेत. त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे, म्हणून ४.१८४ ने भागावे.

उपवासाच्या दिवशी नोंद बंद ठेवण्याची पद्धतही सोडावी. ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा, २५ ग्रॅम कूट आणि मोठा चमचाभर तूप एवढ्याची खिचडी ४७० कॅलरींच्या घरात जाते.

वजन सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी करावे आणि आठवड्याची सरासरी पाहावी. पापड-लोणच्याच्या जेवणानंतर किंवा पाळीच्या आधी एक-दीड किलो वाढलेले दिसते ते बहुतेक पाणी असते. पहिल्या आठवड्यातली झपाट्याची घटही बरीचशी पाण्याचीच. सरासरी तीन आठवडे जागची हलली नाही, तर जेवण कमी करण्याआधी तेल तपासावे. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे २७० कॅलरी नुसत्या तेलाच्या होतात. चाललेली पावले पाहून अ‍ॅप ‘आणखी इतके खाता येईल’ असे सांगते, ते मानू नये; तो अंदाज बऱ्याचदा फुगलेला असतो.

आणि हेही अवश्य छापावे: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहावरची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणे घटवू नये, औषधाची मात्रा तीच राहिली तर रक्तातली साखर एकदम उतरते. गरोदर व स्तनदा माता, वाढत्या वयाची मुले आणि जेवणाची धास्ती घेणारे यांनी कॅलरी मोजण्याच्या वाटेला जाऊ नये.

– एक आहारतज्ज्ञ, सांगली