प्लॅन वाढवण्याआधी डीएनएस बघा

मा. संपादक,

नेट स्लो असल्याची पत्रं या सदरात अधूनमधून येतात आणि ऑपरेटरचं उत्तर ठरलेलं, प्लॅन वाढवा. मी तालुक्याच्या ठिकाणच्या छोट्या केबल-नेटवाल्यांची नेटवर्कची कामं करतो म्हणून सांगतो, ५० चे १०० एमबीपीएस केले तरी बऱ्याचदा काही फरक पडत नाही, कारण लोचा डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी (इंटरनेटवरचा नंबरी पत्ता) शोधून देणाऱ्या यंत्रणेत असतो. लक्षण साधं आहे. स्पीड टेस्ट झकास येते, व्हिडिओ एकदा सुरू झाला की अडकत नाही, पण नवीन साइट उघडायला गेलं की पांढरं पान, गोल फिरणारं चक्र आणि मग एकदम धाडकन सगळं उघडतं. तो वेळ नावावरून आयपी शोधण्यात गेलेला असतो, आणि एका बातमीच्या पानावर जाहिराती-बिहिराती धरून अशी कितीतरी नावं असतात.

छोटे ऑपरेटर काय करतात, तर जो मायक्रोटिक राउटर सगळ्या गिऱ्हाइकांचं राउटिंग, नॅट (अनेकांना एकाच आयपीवरून बाहेर काढणं), लॉगिन ओढतोय त्याच्यावरच डीएनएसचं टिक मारून मोकळे होतात. त्यातली कॅश (आधी मिळालेली उत्तरं साठवायची जागा) डिफॉल्टला २ एमबी, ती कोणी वाढवत नाही, वर डीएनएसचा ५३ नंबरचा पोर्ट बाहेरून सताड उघडा, मग कोणीतरी तुमच्याच राउटरकडून तिसऱ्यावर हल्ला करवून घेतो आणि सीपीयू १०० टक्के. यात राउटरचा काही दोष नाही, लावणाऱ्याचा आहे. काहीजण सरळ सगळ्यांना गुगलचा ८.८.८.८ हा डीएनएस देऊन टाकतात. ती सर्व्हिस चांगलीच आहे, पण शेजाऱ्याने आत्ता विचारलेलं नाव तुम्ही विचारलंत तरी प्रश्न परत गावाबाहेर जाणार, आणि रात्री नऊला अपलिंक (ऑपरेटरची बाहेर जाणारी लाइन) फुल असेल तर तिथेच लटकणार.

खरं तर एक जुना पीसी, ८ जीबी रॅम आणि फुकटातलं अनबाउंड हे डीएनएसचं सॉफ्टवेअर एवढ्यावर काम होतं. त्याच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरचे जेवढे कोअर तेवढे थ्रेड, कॅश भरपूर, त्यातही रेकॉर्डची कॅश मेसेजच्या कॅशच्या दुप्पट, आणि प्रीफेच चालू, म्हणजे जास्त चालणाऱ्या नावाचा टीटीएल (उत्तर साठवून ठेवायची मुदत) संपत आला की सर्व्हर आधीच नवीन उत्तर आणून ठेवतो. सर्व्ह-एक्स्पायर्ड पण चालू ठेवा, वरचा सर्व्हर गप्प बसला तर जुनं उत्तर तरी मिळतं. उत्तरं फक्त आपल्याच गिऱ्हाइकांना द्यायची. आणि बाबांनो, टीसीपी ५३ ब्लॉक करू नका! मोठी उत्तरं यूडीपी या नेहमीच्या पद्धतीत मावली नाहीत की टीसीपी या दुसऱ्या पद्धतीनेच येतात. खात्री करायची तर डिग ही डीएनएसला नाव विचारणारी कमांड एकाच नावावर दोनदा मारा, खाली क्वेरी टाइम दिसतो, पहिल्यांदा शंभर-दीडशे मिलिसेकंद आला तरी दुसऱ्यांदा शून्य किंवा एकच यायला पाहिजे.

दुसरा डीएनएस मात्र वेगळ्या मशीनवर हवा. मी बघितलंय, प्रायमरी आणि सेकंडरी दोन्ही एकाच डब्याचे दोन आयपी! एक बंद तर दोन्ही बंद. आणि दुसरा चालू असला तरी पहिला मेलेला ठेवायचा नाही, कारण लिनक्स मशीन डिफॉल्टला ५ सेकंद वाट बघून मगच दुसऱ्याकडे वळतं.

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅप सहाएक तास बंद होतं ते आठवत असेल. तेव्हा सगळ्यांचे फोन तीच नावं पुन्हा पुन्हा विचारत होते, डीएनएस सेवा देणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीनेच लिहिलंय की रिझॉल्व्हरवर (नावं शोधून देणाऱ्या डीएनएस सर्व्हरवर) नेहमीच्या ३० पट प्रश्न आले. त्यांच्याकडे सर्व्हरची फौज आहे, आपल्या गावच्या २ एमबीवाल्या डब्यावर असा लोड आला तर फेसबुकशी संबंध नसलेलं बँकेचं पानही उघडणार नाही.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी ऑपरेटरचा माणूस प्लॅन वाढवा म्हणाला की त्याला विचारा, तुमचा रिझॉल्व्हर कुठे बसवलाय, दुसरा वेगळ्या मशीनवर आहे का आणि कॅश किती ठेवलीय.

– एक नेटवर्कवाला वाचक, सांगली जिल्हा